दरवर्षी भरलेला गॅस जातो कुठे?

पत्राचा सारांश: झोपायच्या खोलीतला स्प्लिट एसी ८ वर्षांचा आहे. पहिली पाच वर्षं तक्रार नव्हती. गेली तीन वर्षं मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर गार हवा येईनाशी होते. घरचे नेहमीचे मेकॅनिक काका येतात, दाब मोजणारं गेज लावतात, गॅस भरतात आणि अर्ध्या तासात जातात. तिन्ही पावत्यांवर ‘गॅस ४०० ग्रॅम’ असं लिहिलेलं आहे. सासऱ्यांचं म्हणणं, यंत्र चाललं की गॅस संपणारच. नवऱ्याला वाटतं, आता नवाच एसी घ्यावा. यंदा काका आजारी होते म्हणून दुसऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, ‘यातला गॅस जुन्या पद्धतीचा आहे, आर-३२ भरून देतो, तो पर्यावरणालाही चांगला.’ त्याला तूर्त थांबवलं आहे. बाळ सात महिन्यांचं आहे आणि त्याच खोलीत झोपतं. खोलीत अधूनमधून आंबूस वास येतो, तो गॅसचाच असेल का ही धास्ती आहे. ‘काकांना जाब विचारावा तर दहा वर्षांच्या ओळखीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. गप्प बसावं तर बाळाच्या जिवाशी खेळतेय असं वाटतं. काय करू?’ सोबत यंत्रावरच्या स्टिकरचा फोटो आहे: आर-४१०ए, ०.९ किलो.

ताई,

आधी बाळाचं बोलू, कारण पत्र त्याच काळजीने लिहिलंय हे कळतं.

तुमच्या यंत्रातला आर-४१०ए हा गॅस कमी विषारी आणि न पेटणाऱ्या गटात मोडतो. पावत्यांवरचा आकडा खरा धरला, तर वर्षभरात ४०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ग्रॅम-सव्वा ग्रॅम गॅस बाहेर पडतोय. गळती आउटडोअर युनिटमध्ये असेल तर त्यातला कणही खोलीत येत नाही. इनडोअरमध्ये असली तरी दार उघडताना-लावताना जेवढी हवा बदलते तेवढ्यात एवढासा गॅस विरून जातो. अशा संथ गळतीने बाळाला अपाय होण्याची शक्यता अगदीच कमी आहे. रात्री झोप उडवून घ्यावी असं यात काही नाही.

काळजी करावी ती एकदम होणाऱ्या गळतीची. भिंतीत खिळा ठोकताना पाइप फुटला, दुरुस्ती करताना सांधा सुटला, मोठ्याने फुस्स आवाज आला, तर बाळाला घेऊन खोलीबाहेर पडा आणि खिडक्या-दारं उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून जमिनीवर अंथरूण असेल तर आधी तिथून उचला. जवळपास ज्योत नको, सिगारेट नको. न पेटणारा गॅससुद्धा ज्योतीच्या उष्णतेने विघटित होतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात. द्रवरूप गॅस अंगावर उडाला तर त्वचा गोठते. पाइपला म्हणूनच घरच्या कुणी हात लावू नये.

आणि तो आंबूस वास गॅसचा नाही. आर-४१०ए ला जवळजवळ वासच नसतो. ओल्या कॉईलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, आणि पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये धूळ बसते, बुरशी धरते, शेवाळासारखा चिकट थर साठतो, त्याचा तो वास. बाळाच्या दृष्टीने मला गॅसपेक्षा ही बुरशीच आधी निस्तरण्यासारखी वाटते. फिल्टर दर पंधरा दिवसांनी घरीच धुवा. कॉईल, ट्रे आणि आतला गोल पंखा मात्र माणसाकडून खोलून साफ करून घ्या, आणि ते काम चालू असताना बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. ‘गॅस संपणारच’ असं मानणारे ते एकटे नाहीत. आपण गॅस म्हणतो, आणि गॅस म्हटलं की शेगडी आठवते. शेगडीतला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं ना? स्पिरिट उडताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं. एसीत हेच घडतं, फक्त उडालेलं स्पिरिट हवेत न जाता बंद नळीत परत गोळा केलं जातं. इनडोअरच्या कॉईलमध्ये हा द्रव उकळतो आणि खोलीतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, आउटडोअरच्या कॉईलमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो, आणि परत आत येतो. तेच ९०० ग्रॅम, हजारो तास, फिरत राहतात.

सासऱ्यांना समजावताना तत्त्व सांगत बसू नका. एवढंच विचारा, ‘बाबा, आपल्या फ्रिजमध्ये शेवटचा गॅस कधी भरला?’ फ्रिजही याच तत्त्वावर चालतो, तोही दिवसरात्र, आणि बहुतेक घरांत तो पंधरा-पंधरा वर्षं एकदाही गॅस न भरता चालतो. फरक इतकाच की फ्रिजचे सगळे सांधे कारखान्यात जोडून, तपासून बंद होतात. स्प्लिट एसीचे शेवटचे सांधे तुमच्या घरी, शिडीवर उभं राहून, घाईत केले जातात.

म्हणजे गॅस खरंच कमी होत असेल, तर तुमच्या यंत्रात भोक आहे. कुठे आहे ते तीन वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

तीन वेळा ४०० म्हणजे १२०० ग्रॅम. यंत्रात मावतो ९०० ग्रॅम. पावत्या खऱ्या धरल्या तर यंत्रात असतो त्याहून जास्त गॅस या काळात हवेत गेलाय. आर-४१०ए चा १ किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो धरून ठेवतो. तुमच्या एका खोलीतून गेलेला गॅस जवळपास अडीच टनांचा झाला. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. वीजबिल वाचवायला एक दिवा बंद करणारी माणसं आपण, आणि हे दिसत नाही म्हणून सुटतं, याची मला फार हळहळ वाटते.

एक शंका मात्र बोलून दाखवते. तिन्ही वर्षी बरोबर ४०० ग्रॅम कसे? गळती इतकी नेमाने होत नाही. काकांकडे वजनकाटा असतो का, हे आठवून पाहा. काटा नसेल तर तो आकडा गेजच्या काट्याकडे बघून केलेला अंदाज आहे. गेजवरचा दाब बाहेरच्या तापमानानुसार बदलतो, खोली किती तापली आहे त्यानुसार बदलतो, आणि इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेगच सतत बदलत असल्याने क्षणाक्षणाला बदलतो. नुसत्या दाबावरून गॅस किती आहे हे सांगणं म्हणजे नाडी बघून वजन सांगणं. गॅस कमी असेल तसा जास्तही असू शकतो, आणि जास्त भरलेला गॅसही कूलिंग घालवतो, कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

पहिल्या वर्षी गॅस खरंच कमी झाला होता का, इथपासूनच माझा प्रश्न आहे. फिल्टर तुंबला, आउटडोअरची जाळी धुळीने भरली, तरी कूलिंग पडतं. कॉईलवर बर्फ दिसला की ‘गॅस कमी’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. गॅस कमी असताना बर्फ होतो हे खरं आहे: आतला दाब घसरतो, द्रव आणखी कमी तापमानाला उकळू लागतो, कॉईल शून्याखाली जाते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं. पण फिल्टर तुंबून वारा कमी झाला तरी कॉईल तशीच गोठते. म्हणून कुणाला बोलावण्याआधी फिल्टर धुवा, बर्फ असेल तर कूलिंग बंद करून यंत्राचा नुसता पंखा चालवून तो वितळू द्या. मग सर्वांत कमी तापमान आणि सर्वांत जास्त पंखा लावून वीस मिनिटं चालवा. साधा तापमापक इनडोअरच्या वर, जिथून हवा आत जाते तिथे धरा, मग खाली, जिथून बाहेर येते तिथे. दोन्हींतला फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असेल तर गॅसच्या मागे लागायचं कारण नाही. दमट दिवसांत तो थोडा कमी येतो. तीन-चार अंशच येत असेल तर पुढे जा.

गळती बहुतेकदा कुठे असते ते सांगते, म्हणजे समोरचा माणूस काय पाहतोय ते तुम्हाला कळेल. पहिला संशय फ्लेअरच्या नटांवर. आत-बाहेर जोडणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्या, त्यांची चार टोकं, चार नट. नळीचं तोंड नरसाळ्यासारखं पसरून पितळी नटाने आवळतात. तोंड पसरण्याआधी कापलेली कड नीट घासली नसेल, किंवा नट कमी आवळला असेल, तर गॅस हळूहळू निसटतो. जास्त आवळला तर तांबं तिथेच चिरतं आणि दोन-चार वर्षांनी गळू लागतं. जितका हवा तितकाच आवळायला टॉर्क पाना असतो. तो वापरणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. गळक्या सांध्यापाशी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. हा डाग तुम्ही स्वतः टॉर्च लावून बघू शकता.

दुसरी जागा म्हणजे जिथे गेज लावतात तो व्हॉल्व्ह. स्कूटरच्या टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच पिन त्यात असते. दरवर्षी गेज लावून-काढून ती सैल होते, आणि वरचं झाकण नीट बसवलं नाही की तिथून गॅस जातो. गॅस भरायला आलेल्यानेच गळती वाढवली, असं यात होऊ शकतं.

तिसरी जागा म्हणजे इनडोअरची कॉईल, आणि ही सर्वांत त्रासदायक. तांब्याच्या नळीला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म भोकं पडतात. नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आत मुंग्यांच्या वारुळासारखे वेडेवाकडे बोगदे दिसतात, म्हणून या गंजाला नावही मुंग्यांच्या वारुळावरूनच पडलंय. ओलावा आणि फॉर्मिक, अॅसेटिक अशी सेंद्रिय आम्लं एकत्र आली की हे होतं. ही आम्लं आपल्याच घरातल्या वस्तूंतून हवेत येतात: प्लायवूडचे गोंद, काही रंग-पॉलिश, काही सफाईची द्रावणं, व्हिनेगर. तुमच्या खोलीत तीन-चार वर्षांपूर्वी नवं फर्निचर झालं असेल, तर ते मेकॅनिकला जरूर सांगा. आउटडोअरमध्ये कंपनाने नळ्या एकमेकींवर घासून भोक पडतं, आणि समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत कॉईल सडते.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे व्हायला हवी. उरलेला गॅस हवेत न सोडता मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा आणि सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला की जागा सापडली. फेसाला न सापडणाऱ्या बारीक गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असतो. तरीही सापडत नसेल तर इनडोअर, आउटडोअर आणि मधल्या नळ्या वेगवेगळ्या बंद करून, प्रत्येकीत नायट्रोजन भरून रात्रभर ठेवतात आणि सकाळी कुणाचा दाब पडला ते पाहतात. इथे एका गोष्टीवर अडून बसा: नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी लावत असेल तर काम तिथल्या तिथे थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही नको.

सांधा दुरुस्त झाला की पुन्हा नायट्रोजनने खात्री करायची, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. पंप किती खेचतोय ते मायक्रॉन गेजवर दिसतं, ५०० मायक्रॉनच्या खाली गेलं आणि पंप बंद केल्यावरही तिथेच टिकलं की समजायचं आत ओल नाही, भोक नाही. आर-४१०ए सोबतचं तेल पाणी फार भराभर शोषतं आणि ओलाव्याने त्यात आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर आतून खराब होतो. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणं हा त्याला पर्याय नाही. शेवटी स्टिकरवर लिहिलेला ०.९ किलो गॅस काट्यावर तोलून, सिलिंडरमधून द्रवरूपात भरायचा. तुमच्या नळ्या स्टिकरवरच्या मापापेक्षा लांब असतील तर मीटरमागे किती ग्रॅम जास्त घालायचे तेही कंपनीच्या कागदात असतं. हे सगळं अर्ध्या तासात होत नाही. अर्धा दिवस धरा, बारीक गळती असेल तर दोन खेपा धरा.

आता दुसऱ्या माणसाच्या सल्ल्याविषयी. त्याला थांबवलंत हे फार चांगलं केलंत. आर-४१०ए मध्ये वजनाने अर्धा आर-३२ असतोच, दाबही जवळपास सारखे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात आर-३२ चा तापमानवाढीचा आकडा ६७५, म्हणजे तिसरा हिस्सा. त्यामुळे हे बोलणं पटण्यासारखं वाटतं. पण आर-४१०ए मधला उरलेला अर्धा भाग, आर-१२५, हाच त्याला पेटू देत नाही. नुसता आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, आणि कॉम्प्रेसरमधून जास्त तापून बाहेर पडतो. त्याच्यासाठीच बनवलेल्या एसीत विजेचे भाग, तेल, कॉम्प्रेसर सगळं त्या हिशेबाने केलेलं असतं आणि तिथे तो सुरक्षित आहे. तुमच्या यंत्रात ती तयारी नाही. शिवाय स्टिकर आर-४१०ए च सांगत राहणार, आणि उद्या दुसरा कुणी त्यावर विश्वासून नळ्या जोडायला ब्रेझिंगची ज्योत पेटवणार.

ज्यांच्याकडे आर-२२ चं जुनं यंत्र आहे त्यांना याहून वाईट सल्ला मिळतो. आर-२२ ओझोनला मारक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय, दुर्मीळ झालाय. त्या जागी आर-२९० भरून देतो म्हणणारे भेटतात. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याचा तापमानवाढीचा आकडा अगदी नगण्य, आणि त्याच्यासाठीच बनवलेल्या एसीत तो उत्तम गॅस आहे. पण तो शेगडीच्या गॅससारखाच पेटतो. जुन्या आर-२२ यंत्रात तो भरणं म्हणजे झोपायच्या खोलीत आगीला जागा करून देणं. स्टिकरवर जो गॅस लिहिलाय तोच भरायचा, यात तडजोड नाही.

नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण घाई आहे. गळती कुठे आहे ते कळेपर्यंत नवा घ्यायचा की नाही हे ठरवताच येत नाही. फ्लेअरचा सांधा किंवा पिन असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे आणि यंत्र अजून बरीच वर्षं चालेल. इनडोअरची कॉईल गळत असेल तर आधी कंपनीकडे नवी कॉईल मिळते का विचारा. मिळत असेल आणि कॉम्प्रेसर शांत चालत असेल तर मी बदलून घेईन. कॉईलला पॅच मारून घेणार नाही, एका भोकाशेजारी दुसरं तयारच होत असतं. कॉईल मिळत नसेल, किंवा आउटडोअरची कॉईल जागोजागी सडली असेल, तर मात्र नवा घ्या. पण लक्षात असू द्या, नव्या एसीचे ते चार सांधेही तुमच्याच घरी, कुणीतरी हातानेच करणार आहे. बसवतानाच व्हॅक्यूम पंप आणि टॉर्क पाना आणायला सांगा. आणि जुना देताना त्यातला गॅस आधी काढून घ्यायला लावा, भंगारात नळी करवतीने कापली की सगळा हवेत जातो.

राहता राहिले काका. मला वाटतं, तुम्ही पत्रात जो पेच मांडलाय तो खरा इथे आहे. काका फसवतात असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्यामागे दहा घरं लागलेली असतात, प्रत्येक घर म्हणतं ‘आजच गार करून द्या’, आणि पैसे देताना आपण गॅसचे देतो, शोधण्याच्या मेहनतीचे देत नाही. तीन वर्षं आपण त्यांना एकच काम सांगितलं आणि त्यांनी तेच केलं. गळतीचं विचारलं तर विश्वास मोडतो, हे तुम्ही गृहीत धरलंय. डॉक्टरांना ‘ताप का येतोय?’ असं विचारलं तर त्यांचा अपमान होतो का?

काका बरे झाले की फोन करा आणि असं काहीतरी बोला: ‘काका, या वेळी नुसता गॅस नको भरायला. तो कुठून जातोय ते आधी शोधू. वेळ लागला तरी चालेल, शोधायच्या कामाचे वेगळे पैसे घ्या. नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि काटा तुमच्याकडे आहे का? नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बरोबर आणता का?’ बहुतेक चांगला कारागीर यावर खूश होतो, कारण नीट काम करायला वेळ आणि पैसे देणारं घर त्याला क्वचित भेटतं. काकांनी माणूस आणला तर नातंही टिकलं आणि कामही झालं. ‘एवढं काही लागत नाही, गॅस दरवर्षी थोडा जातोच’ असं उत्तर आलं, तर फिल्टर आणि साफसफाईसाठी काकांनाच बोलावत जा, पण या कामासाठी कंपनीचा किंवा ही साधनं असलेला दुसरा माणूस बघा. कुणाला नाराज न करता हे करता येईल.

जमलं तर ऐन हंगामात करू नका. गर्दी ओसरल्यावर आलेला माणूस रात्रभर नायट्रोजन ठेवायला तयार होतो. तोवर यंत्र अर्धवट गॅसवर रेटू नका. फिरणारा गॅसच कॉम्प्रेसरची मोटर थंड ठेवत असतो, तो कमी पडला की मोटर तापते आणि किरकोळ दुरुस्तीचं मोठं काम होऊन बसतं.

काम झाल्यावर एका कागदावर तारीख, गळती कुठे सापडली, किती ग्रॅम तोलून भरला, आणि त्या दिवशी तापमापकाने मोजलेला वर-खालचा फरक लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या उन्हाळ्याआधी, कुणी गॅस भरायचा का असं विचारण्याआधी, फिल्टर धुऊन तो फरक पुन्हा मोजा. आकडा जवळपास तोच आला तर कुणालाही बोलवू नका.